साक्षीदाराला सामोरे जाण्याचा हक्क : अमेरिकी संविधानाची सहावी दुरुस्ती आणि तिची विधिसाधने

बीजसंज्ञा : सहावी घटनादुरुस्ती, उलटतपासणी, ऐकीव पुरावा, साक्षस्वरूप विधान, दूरदृश्य साक्ष

प्रस्तावना

फौजदारी खटल्यात आरोपीविरुद्ध बोलणारी व्यक्ती न्यायालयात हजरच नसेल, तिचे म्हणणे केवळ कागदावर किंवा ध्वनिफितीवर असेल, तर ते म्हणणे पुरावा म्हणून स्वीकारावे काय, हा पुरावाशास्त्रातील एक जुना आणि अद्याप न सुटलेला प्रश्न आहे. कागदाला प्रतिप्रश्न विचारता येत नाही. तो अडखळत नाही, नजर चुकवीत नाही आणि आपल्या विधानाची जबाबदारीही घेत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, प्रत्येक साक्षीदार न्यायालयात उभा राहिलाच पाहिजे असा आग्रह धरल्यास मारहाण झालेली पत्नी, भेदरलेले मूल किंवा दरम्यान मरण पावलेला जखमी यांचे म्हणणे न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही. या ओढाताणीचा सर्वाधिक सविस्तर विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केलेला आहे. त्या विचाराची मूळ साधने कोणती आणि ती कोणत्या क्रमाने वाचावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विधी, राज्यशास्त्र आणि इतिहास या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना ही साधने उपयोगी पडतील.

प्रारंभी परिभाषेविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘कन्फ्रंटेशन’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘आमनेसामने’ म्हटले की भांडणाचा वास येतो, तर ‘उलटतपासणी’ म्हटले की अर्थ आकुंचित होतो. शपथेवर साक्ष, आरोपीची समक्षता, उलटतपासणी आणि साक्षीदाराच्या देहबोलीचे निरीक्षण अशी चार अंगे या हक्कात मोडतात. म्हणून येथे ‘सामोरे जाण्याचा हक्क’ असा शब्दप्रयोग केला आहे. तसेच ‘टेस्टिमोनियल’ या संज्ञेसाठी ‘साक्षस्वरूप’ हा शब्द योजला आहे.

रॅलेचा खटला आणि दुरुस्तीची पार्श्वभूमी

या विषयावरील जवळपास प्रत्येक ग्रंथात १७ नोव्हेंबर १६०३ रोजी विंचेस्टर येथे चाललेल्या सर वॉल्टर रॅले यांच्या राजद्रोहाच्या खटल्याचा उल्लेख आढळतो. रॅलेविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे लॉर्ड कोबहॅम याचा जबाब होता. कोबहॅम स्वतः कटाचा आरोपी होता. त्याने प्रथम रॅलेचे नाव घेतले, नंतर ते मागे घेतले आणि पुन्हा घेतले. खटल्यात त्याचा जबाब व पत्र वाचून दाखविण्यात आले, परंतु तो काही अंतरावर कैदेत असूनही त्याला न्यायालयात आणले गेले नाही. त्याला माझ्यासमोर उभा करा, मग पाहू तो काय म्हणतो, अशी रॅलेची वारंवार मागणी होती. ती फेटाळण्यात आली. एवढ्यावर हे थांबले नाही. डायर नावाच्या एका नाविकाने अशी साक्ष दिली की, लिस्बनमध्ये एका पोर्तुगीज गृहस्थाच्या तोंडून त्याने रॅले व कोबहॅम राजाचा गळा कापणार असल्याचे ऐकले होते. तो पोर्तुगीज गृहस्थ कोण, त्याला हे कसे कळले, याची विचारणा कोणीही केली नाही. रॅले दोषी ठरला आणि १६१८ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. ऐकीव पुरावा का टाळावा, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी डायरच्या साक्षीइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

रॅलेचा खटला अपवाद नव्हता. मेरी राणीच्या कारकिर्दीत १५५४ आणि १५५५ मध्ये झालेल्या कायद्यांनी शांतता-न्यायाधीशांवर आरोपी व साक्षीदार यांची तपासणी करून ती लेखी नोंदविण्याची जबाबदारी टाकली होती. हे लेखी जबाब काही खटल्यांत साक्षीदाराच्या जागी वापरले जाऊ लागले. पुढे वसाहतींमध्ये स्टँप कायद्याच्या काळात नाविक न्यायालयांतून अशाच पद्धतीने काम चाले आणि वसाहतवासीयांची त्याविषयी तक्रार होती. १७७६ च्या व्हर्जिनियाच्या अधिकार-घोषणापत्रात आरोप करणारे व साक्षीदार यांना सामोरे जाण्याचा हक्क नोंदविला गेला. १५ डिसेंबर १७९१ रोजी संमत झालेल्या सहाव्या घटनादुरुस्तीने तो संघराज्याच्या संविधानात आणला. सर्व फौजदारी खटल्यांत आरोपीला त्याच्याविरुद्धच्या साक्षीदारांना सामोरे जाण्याचा हक्क राहील, एवढाच या तरतुदीचा आशय आहे. अपवाद एकही लिहिलेला नाही आणि ‘साक्षीदार’ कोणाला म्हणावे हेही सांगितलेले नाही. पुढील दोन शतकांचा वाद या दोन मौनांतून निर्माण झाला.

विश्वसनीयतेची कसोटी

१८९५ च्या मॅटॉक्स खटल्यात (१५६ यू.एस. २३७) सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या सुनावणीत उलटतपासणी झालेल्या आणि नंतर मरण पावलेल्या साक्षीदारांची साक्ष फेरसुनावणीत ग्राह्य मानली. १९६५ च्या पॉइंटर विरुद्ध टेक्सास (३८० यू.एस. ४००) या निर्णयाने हा हक्क घटक राज्यांवरही बंधनकारक झाला. फौजदारी खटले बहुतांशी राज्यांच्या न्यायालयांत चालत असल्यामुळे तरतुदीला खरे वजन तेव्हापासून आले.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९८० चा ओहायो विरुद्ध रॉबर्ट्स (४४८ यू.एस. ५६) होय. साक्षीदार उपलब्ध नसेल आणि त्याचे पूर्वीचे विधान पुरेसे विश्वसनीय असेल, तर ते वापरता येईल, असे या निर्णयाने ठरविले. विश्वसनीयता दोन मार्गांनी सिद्ध होई. एक तर ते विधान ऐकीव पुराव्याच्या एखाद्या रूढ अपवादात बसावे, नाहीतर त्यात खरेपणाची विशिष्ट हमी दिसावी. वरकरणी ही कसोटी समंजस वाटते. पण विश्वसनीयता कोणी ठरवायची? न्यायाधीशाने, आणि तीही उलटतपासणी न होता. ज्या साधनाने विधानाचा खरेपणा तपासायचा ते साधन बाजूला ठेवून विधान खरे आहे असे आधीच गृहीत धरण्याचा हा प्रकार होता. चोवीस वर्षे तो चालला.

क्रॉफर्ड : एक ध्वनिफीत, तीन निष्कर्ष

८ मार्च २००४ रोजी क्रॉफर्ड विरुद्ध वॉशिंग्टन (५४१ यू.एस. ३६) हा निर्णय आला. वस्तुस्थिती साधी होती. १९९९ मध्ये एका इसमाने आपल्या पत्नीशी गैरवर्तन करू पाहणाऱ्या माणसाला भोसकल्याचा आरोप होता. बचाव स्वसंरक्षणाचा होता. पोलिसांनी पती आणि पत्नी दोघांचेही जबाब ध्वनिमुद्रित केले. जखमी माणसाच्या हातात त्या वेळी शस्त्र होते काय, या एका मुद्द्यावर दोघांच्या सांगण्यात फरक पडत होता. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार पतीच्या संमतीशिवाय पत्नीला त्याच्याविरुद्ध साक्ष देता येत नव्हती. तेव्हा सरकारपक्षाने तिची ध्वनिफीत ज्यूरीला ऐकविली.

शिक्षणाच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत मोलाचा भाग राज्यातील तीन न्यायालयांच्या निर्णयांत आहे. खटला चालविणाऱ्या न्यायालयाने ती फीत विश्वसनीय मानली. अपील न्यायालयाने नऊ निकष लावून ती अविश्वसनीय ठरविली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीचे जबाब एकमेकांत गुंफलेले आहेत असे कारण देऊन पुन्हा विश्वसनीय ठरविली. फीत एकच, कसोटी एकच, निष्कर्ष मात्र उलटसुलट. रॉबर्ट्सची कसोटी किती लवचीक, किंबहुना किती निराधार होती, हे यातून उघड होते.

न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी सात न्यायमूर्तींच्या वतीने निर्णय लिहिला. पुरावा विश्वसनीय असावा हे या तरतुदीचे अंतिम उद्दिष्ट खरे, परंतु ती विश्वसनीयता कोणत्या पद्धतीने तपासावी हेही संविधानानेच ठरवून दिले आहे आणि ती पद्धत म्हणजे उलटतपासणी, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. साक्ष उघडच विश्वसनीय आहे म्हणून उलटतपासणी नाकारणे हे आरोपी उघडच दोषी आहे म्हणून ज्यूरी नाकारण्यासारखे आहे, अशा आशयाची तुलना त्यांनी केली. यापुढे विधान ‘साक्षस्वरूप’ असेल, तर साक्षीदार अनुपलब्ध असल्याखेरीज आणि आरोपीला त्याच्या उलटतपासणीची संधी पूर्वी मिळाली असल्याखेरीज ते ग्राह्य ठरणार नाही, असा नियम झाला. पोलीस चौकशीत दिलेली विधाने साक्षस्वरूप ठरली. संज्ञेची संपूर्ण व्याख्या मात्र न्यायालयाने पुढच्या प्रसंगावर सोपविली. सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट आणि न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी निकालास संमती दिली, पण रॉबर्ट्स रद्द करण्यास विरोध केला. व्याख्या न देता नियम देणे म्हणजे देशभरातील सरकारी वकिलांना अंधारात ठेवणे होय, ही त्यांची तक्रार पुढील वीस वर्षांच्या अनुभवाने बऱ्याच अंशी खरी ठरली आहे.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. २००७ च्या व्हॉर्टन विरुद्ध बॉकटिंग या निर्णयाने क्रॉफर्डचा नियम पूर्वलक्षी नाही असे ठरविले. ज्यांची अपिले २००४ पूर्वीच संपली होती त्यांना, त्यांची दोषसिद्धी कागदी साक्षीवर उभी असली तरी, या नियमाचा आधार मिळाला नाही.

मार खाणारी स्त्री आणि ‘मुख्य हेतू’

क्रॉफर्डचा पहिला मोठा परिणाम घरगुती हिंसाचाराच्या खटल्यांवर झाला. अशा खटल्यांत तक्रारदार स्त्री पोलिसांना सर्व सांगते, पण सुनावणीच्या दिवशी येत नाही. भीती, आर्थिक परावलंबन, मुलांची काळजी अशी तिची कारणे असतात. २००६ मध्ये न्यायालयाने अशी दोन प्रकरणे एकत्र निकालात काढली (५४७ यू.एस. ८१३). डेव्हिस प्रकरणात मारहाण चालू असताना एका स्त्रीने आपत्कालीन दूरध्वनीवर मदत मागितली होती. त्या संभाषणाचा मुख्य हेतू चालू संकटात मदत मिळविणे हा होता, म्हणून ते साक्षस्वरूप नाही, असे ठरले. हॅमन प्रकरणात पोलीस पोहोचले तेव्हा भांडण थांबले होते. पतीला दुसऱ्या खोलीत ठेवून पत्नीकडून लेखी प्रतिज्ञापत्र घेण्यात आले. तेथे घडून गेलेल्या गोष्टींची चौकशी हाच हेतू होता, म्हणून ते साक्षस्वरूप ठरले. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड फ्रीडमन यांनी हॅमनची बाजू मांडली होती. क्रॉफर्ड प्रकरणातही त्यांनी विधी प्राध्यापकांच्या वतीने न्यायालयमित्र म्हणून निवेदन सादर केले होते. विद्यापीठीय संशोधनाने न्यायालयीन सिद्धान्त बदलल्याचे हे विरळ उदाहरण असून अध्यापकवर्गाने त्याची नोंद घ्यावयास हवी.

‘मुख्य हेतू’ची रेषा आखणे सोपे, पण सांभाळणे कठीण. २०११ च्या मिशिगन विरुद्ध ब्रायंट (५६२ यू.एस. ३४४) प्रकरणात डेट्रॉइटमधील एका पेट्रोल पंपाच्या आवारात गोळी लागून पडलेल्या माणसाने पोलिसांना हल्लेखोराचे नाव सांगितले आणि काही तासांत तो मरण पावला. हल्लेखोर मोकळा असल्याने संकट चालूच होते, असे म्हणून न्यायालयाने विधान ग्राह्य ठरविले. स्कालिया यांनी तिखट शब्दांत असहमती नोंदविली. भारतीय वाचकाला येथे मृत्युपूर्व जबाबाची आठवण होणे स्वाभाविक आहे. क्रॉफर्डनेही एका तळटीपेत मृत्युपूर्व जबाबाला ऐतिहासिक अपवाद म्हणून जागा ठेवली होती, पण त्याचा पक्का निर्णय केला नव्हता.

साक्षीदाराला आरोपीनेच ठार मारले असेल तर? २००८ च्या गाइल्स विरुद्ध कॅलिफोर्निया (५५४ यू.एस. ३५३) या निर्णयानुसार, साक्ष रोखण्याच्या उद्देशानेच त्याने ते कृत्य केले असेल तरच त्याचा हक्क बुडतो. केवळ खून केला म्हणून हक्क गेला असे मानल्यास ज्या गुन्ह्यासाठी खटला चालू आहे तो आधीच सिद्ध धरावा लागतो. तर्कदृष्ट्या हे बिनतोड आहे, तथापि मृत स्त्रीने तीन आठवड्यांपूर्वी पोलिसांना सांगितलेली धमकी ज्यूरीपुढे येऊ नये, हे पचणे कठीण जाते.

प्रयोगशाळेचा अहवाल

सन २००९ च्या मेलेंडेझ-डायझ विरुद्ध मॅसॅच्युसेट्स (५५७ यू.एस. ३०५) प्रकरणात जप्त केलेली पूड कोकेन असल्याची प्रयोगशाळेची प्रमाणपत्रे दाखल झाली होती, विश्लेषक हजर नव्हता. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ती साक्षस्वरूप ठरविली. बहुमतात स्कालिया आणि थॉमस यांच्यासह स्टीव्हन्स, सूटर व गिन्सबर्ग होते, हे लक्षात घेतले म्हणजे न्यायमूर्तींची ‘उजवे-डावे’ अशी सरधोपट विभागणी या क्षेत्रात उपयोगी पडत नाही हे कळते. आरोपीला आगाऊ नोटीस द्यावी आणि त्याने मागणी केली तरच विश्लेषकाला बोलवावे, अशी राज्यांची पद्धत मात्र वैध मानली गेली.

दोन वर्षांनी बुलकमिंग प्रकरणात (५६४ यू.एस. ६४७) चाचणी न केलेल्या दुसऱ्याच विश्लेषकाची साक्ष चालणार नाही असे ठरले. २०१२ च्या विल्यम्स विरुद्ध इलिनॉय प्रकरणात न्यायालय असे दुभंगले की, खालच्या न्यायालयांना कोणता नियम पाळावा हेच कळेना. हा गोंधळ जून २०२४ मधील स्मिथ विरुद्ध ॲरिझोना या निर्णयाने काहीसा दूर झाला. अनुपस्थित विश्लेषकाच्या टिपणांवर विसंबून तज्ज्ञ मत देत असेल आणि ती टिपणे खरी असली तरच त्या मताला आधार मिळत असेल, तर ती टिपणे सत्यतेसाठीच सादर झालेली असतात, असे न्यायमूर्ती एलेना केगन यांनी स्पष्ट केले. ती टिपणे साक्षस्वरूप आहेत काय, हा प्रश्न मात्र राज्याच्या न्यायालयाकडे परत गेला.

आपल्याकडील स्थिती याच्या नेमकी उलट आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार विनिर्दिष्ट सरकारी तज्ज्ञांचा अहवाल त्यांना न बोलावता पुरावा म्हणून वापरता येतो. न्यायालयास योग्य वाटल्यास ते तज्ज्ञास पाचारण करते. महाराष्ट्रातील फौजदारी न्यायालयांत ‘सी.ए. रिपोर्ट’ या नावाने परिचित असलेला रासायनिक विश्लेषकाचा अहवाल या तरतुदीच्या बळावर दाखल होतो.

साधनांविषयी

विद्यार्थी बहुधा शीर्षटीप वाचून थांबतात. या विषयात ते विशेष घातक आहे, कारण असहमतीच्या आणि स्वतंत्र सहमतीच्या निर्णयपत्रांतच पुढील वादाची बीजे असतात. क्रॉफर्ड प्रथम, मग रॉबर्ट्स, मग डेव्हिस, असा वाचनाचा क्रम ठेवल्यास विषय लवकर उलगडतो. कालक्रमाने वाचणारा विद्यार्थी रॉबर्ट्समध्येच अडकतो. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या संशोधन विभागाने तयार केलेली संविधानाची सटीप आवृत्ती, कॉर्नेल विद्यापीठाच्या विधी माहिती संस्थेचा संग्रह आणि सर्वोच्च न्यायालयाने उपलब्ध करून दिलेली तोंडी युक्तिवादांची लिखिते ही तिन्ही साधने विनामूल्य आहेत. मोठी वर्गणी भरू न शकणाऱ्या महाविद्यालयांना एवढ्यावर चांगले काम करता येते. पुरावा नियमावली, विशेषतः १९७५ पासून लागू असलेल्या संघीय नियमांतील ८०१ ते ८०७ हे नियम, सोबत ठेवणे आवश्यक आहे. ऐकीव पुराव्याचा नियम आणि संविधानातील हक्क एकच आहेत असा समज सर्रास आढळतो. विधान नियमाच्या अपवादात बसूनही संविधानाने बाद होऊ शकते. स्कालिया यांच्या इतिहासकथनावर अमेरिकी विधी-इतिहासकारांनी आक्षेप घेतलेले आहेत, त्यामुळे क्रॉफर्डमधील इतिहास हा वकिली इतिहास आहे याचे भान ठेवूनच तो वाचावा.

पडदा, दूरचित्रवाणी आणि मुंबईचा खटला

सामोरे जाणे म्हणजे डोळ्यांपुढे असणे काय? १९८८ च्या कॉय विरुद्ध आयोवा प्रकरणात दोन तेरा वर्षांच्या मुली आणि आरोपी यांच्यामध्ये लावलेला पडदा न्यायालयाने हक्कभंग ठरविला. दोनच वर्षांनी मेरिलँड विरुद्ध क्रेग (४९७ यू.एस. ८३६) प्रकरणात लहान मुलाची साक्ष क्लोज्ड सर्किट टीव्हीवरून घेण्यास पाच विरुद्ध चार मतांनी मान्यता मिळाली. मात्र आरोपीच्या समक्षतेमुळे त्या विशिष्ट मुलाला गंभीर मानसिक त्रास होईल असा प्रकरणागणिक निष्कर्ष काढण्याची अट घालण्यात आली.

हाच क्रेग निर्णय महाराष्ट्रात अवतरला. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या एका मुंबईतील खटल्यात न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यावी अशी सरकारपक्षाची मागणी होती. मुंबई उच्च न्यायालयाने कलम २७३ मधील आरोपीची ‘उपस्थिती’ म्हणजे प्रत्यक्ष उपस्थिती असा अर्थ लावून ती नाकारली. १ एप्रिल २००३ रोजी महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने क्रेगचा आधार घेत ती मान्य केली. (त्या खटल्यातील आरोपी डॉक्टरांना २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी दायित्वातून मुक्त केले.) हा निर्णय क्रॉफर्डच्या अकरा महिने आधीचा आहे. क्रेगचा पाया विश्वसनीयतेचा होता आणि तो पाया क्रॉफर्डने काढून घेतला. तरीही क्रेग आजवर रद्द झालेला नाही. देसाई निर्णयाचे अध्यापन करताना हा तपशील वगळला जातो. भारतीय संविधानात सहाव्या दुरुस्तीसारखे शब्द नाहीत. येथे हा हक्क संहितेतून आणि अनुच्छेद २१ मधील न्याय्य प्रक्रियेच्या तत्त्वातून येतो. त्यामुळे संसदेला तो वळविणे अमेरिकेच्या तुलनेत सोपे जाते.

देसाई निर्णयाने उघडलेल्या वाटेने २०१६ मध्ये डेव्हिड हेडली याची साक्ष अमेरिकेतून मुंबईच्या सत्र न्यायालयात नोंदविली गेली आणि बचावपक्षाच्या वकिलांनी त्याची उलटतपासणीही त्याच पडद्यावरून घेतली. बालकांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो अधिनियमातील कलम ३६ हे साक्षीच्या वेळी बालक आरोपीच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था करण्यास सांगते. तेथे क्रेगप्रमाणे प्रकरणागणिक निष्कर्षाची अट नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ३३ नुसार वकिलांनी प्रश्न विशेष न्यायालयाकडे द्यावयाचे आणि न्यायालयाने ते बालकाला विचारावयाचे असतात. उलटतपासणीची धार अशा रीतीने न्यायाधीशाच्या तोंडून बोथट होते काय, हे निर्णयपत्रांतून कळणार नाही. त्यासाठी विशेष न्यायालयांच्या साक्षीच्या नोंदी वाचाव्या लागतील. नव्या संहितेच्या कलम ३०८ ने आता ‘दृकश्राव्य इलेक्ट्रॉनिक साधनां’द्वारे, राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ठिकाणाहून साक्ष घेण्याची तरतूद सर्वच खटल्यांसाठी केली असून कलम ५३० ने संपूर्ण कार्यवाही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालविण्यास मुभा दिली आहे. साक्षीदार त्या ठिकाणी बसलेला असताना खोलीत आणखी कोण आहे, त्याच्यासमोर कोणता कागद ठेवला आहे, हे पाहण्याची सोय आरोपीच्या वकिलाला कशी मिळावी, हा प्रश्न तालुका न्यायालयांतील वकिलांना यापुढे रोजच्या कामात भेडसावणार आहे.